मी बहरीनला काय काम करतो

तुमी बोललात पयल्यापासून सांगा, तर पयलं म्हंजे गाव. आमचं गाव लांजा तालुक्यात, हायवेपासून आत, वर नुसता कातळ आणि खाली पऱ्या, म्हंजे पावसाळी ओढा, मधे आमची वाडी. बापूस चिऱ्याच्या खाणीवर होता, चिरे म्हंजे तांबडा दगड, घराला लावतात तो, दिवसभर तो कापायचा आणि डोक्याच्या केसापासून पायाच्या नखापर्यंत तांबडा होऊन यायचा. पण काय सांगू तुमाला, त्या तांबड्या अंगाने तो कदी घरात आला नाय. पयला विहिरीवर जायचा, चार कळशा अंगावर ओतायचा, धुतलेला पंचा नेसायचा आणि मंगच आत चुलीपाशी बसायचा. आई बोलायची जेवून घ्या आदी, निवतंय, तर बोलायचा अंगाला माती असताना मला अन्न जात नाय. आमी पोरं त्यातच वाढलो, त्यामुळे स्वच्छपणाचं आमच्या घरात जरा जास्तच. हे मी का सांगतोय तर पुढचं काम कळायला तुमाला बरं पडेल.

नाव माझं सदानंद, सगळे सदा बोलतात. नववी झालो, दहावीला गणित राहिलं, मंग खाणीवरच गेलो बापसाबरोबर, पण माझी छाती त्या धुळीने धरायला लागली, आई बोलली ह्याला लांब पाठवा कुठेतरी. वाडीतला एक जण बहरीनला होता, त्याने व्हिसा काढून दिला, आणि मी लग्न झाल्यावर वर्षाच्या आतच इकडे आलो. सुनंदा, म्हंजे माझी बायको, ती आईपाशी राहिली. तेव्हापासून मी दोन वर्षांनी एकदा जातो आणि येतो. मुलगी झाली तेव्हा मी नव्हतो, ती चालायला लागली तेव्हा पण नव्हतो. ते सगळ्यांचंच तसं हाय, त्यात माझं वेगळं काय नाय.

पयली नोकरी मीना सलमानला, म्हंजे इकडच्या बंदरावर, गोदामात. बंदरातून माल यायचा, तांदळाच्या गोणी, तेलाचे डबे, टाइल्स, तो उतरवायचा आणि लावायचा. आमच्यावर फोरमन होता अबू खलील. इकडे माणसाला मोठ्या पोराच्या नावाने हाक मारतात, खलीलचा बाप म्हणून अबू खलील, खरं नाव मला कितीतरी वर्षांनी कळलं. तो इकडचाच, बहरीनी, पण बाजारात इंडियन लोकांत वाढलेला म्हणून हिंदी झकास बोलायचा, शिव्या तर आपल्यापेक्षा चांगल्या द्यायचा. उंच माणूस, आवाज असा की गोदामाच्या ह्या टोकाला यल्ला, म्हंजे चला, बोलला की त्या टोकाचा माणूस गोणी उचलायचा. आणि कपडा. पायघोळ पांढरा थोब घालून यायचा, त्या धुळीत, त्या तेलात, आणि दुपारी घरी जाताना त्याच्यावर एक डाग नसायचा. कसा ठेवायचा देव जाणे. एकदा माझ्या शर्टावर डांबर लागलेलं, मी तसाच कामाला उभा राहिलो, तर त्याने सगळ्यांच्या समोर मला बाहेर काढला. बोलला, असा माझ्यासमोर पुन्हा येऊ नको, रूमवर जा, बदलून ये. भर उन्हात मला चालत पाठवला. राग आला होता मला. पण मनात कुठेतरी बरं पण वाटलं, बापूस पण असंच बोलला असता.

मंग तो रिटायर झाला. पुढे काही वर्षांनी ते गोदामच मालकाने बंद केलं, आमाला बोलावून सांगितलं खलास, ज्याला दुसरीकडे व्हिसा मिळतो त्याने करा, नाय त्याने घरी जा. माझी मुलगी तेव्हा कॉलेजला जायची होती. मी घरी जाऊन काय करणार, खाण पण बंद झालेली आणि छाती पण तशीच.

तेव्हा एका कंपनीची माणसं जाहिरात करत होती की हेल्पर पायजे, पुरुष पायजे, हिंदी आणि थोडी अरबी यायला पायजे. मला वाटलं सामान हलवायचं काम असेल, नायतर ड्रायव्हरच्या बाजूला बसायचं. गेलो तर एका हॉलमध्ये पलंग, त्यावर प्लास्टिकचा माणूस झोपवलेला. केरळची एक मॅडम होती, शीला मॅडम, तीच आमची सुपरवायझर. तिने समजावलं की सरकारचं एक खातं हाय, जी म्हातारी, अपंग माणसं घरी एकटी पडतात, ज्यांना स्वतःचं स्वतः करता येत नाय, त्यांना ते खातं घरी माणूस देतं. पण खात्याकडे माणसं नसतात, म्हणून त्यांनी आपल्या कंपनीला काँट्रॅक्ट दिलंय. खातं ठरवणार कुणाला किती तास, कंपनी पाठवणार माणूस. आणि तो माणूस म्हंजे आमी. मंग तिने त्या प्लास्टिकच्या माणसाची चादर काढली आणि डायपर कसा बदलायचा ते दाखवायला लागली. कूस कशी बदलायची, पाठीला जखम पडू नये म्हणून काय करायचं, पुसताना पुढून मागे पुसायचं. आमी सगळे पुरुष, कुणी हसत होतं, कुणी खाली बघत होतं. माझे कान असे गरम झालेले. त्या प्लास्टिकच्या माणसाला हात लावताना मला वाटत होतं आपल्या मागे बापूस उभा हाय.

सही करून आलो. काय करणार होतो.

रूम माझी झिंज भागात, आमी चौघं, सगळे रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यातला प्रकाश माझ्याच वाडीचा, एसीचं काम करतो. रूमवर जेवण मी करायचो, म्हंजे पयल्यापासून तसंच पडलेलं, माशाचं कालवण माझ्या हातचं सगळ्यांना आवडायचं. ह्यांना मी खरं काम सांगितलं, एका रूममध्ये राहून लपवणार काय. कुणी वाईट बोललं नाय. प्रकाश बोलला काम ते काम. पण दुसऱ्या दिवशी मी तांदूळ धुवायला घेतले तर तो बोलला सदा, तू दमून आलास, राहू दे, मी करतो. तिसऱ्या दिवशी पण तेच. आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की माझ्या हातात आता कुणी सुरी पण देत नाय. मी हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचो, त्यांच्या समोर धुवायचो, मुद्दाम पाण्याचा आवाज करून धुवायचो. तरी नाय. प्रेमाने बोलायचे, राहू दे रे. भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, मला पण दोन शब्द बोलता आले असते.

गावी मी सांगितलं हॉस्पिटलात लागलो. सुनंदाने इचारलं हॉस्पिटलात काय, मी बोललो वॉर्डात देखरेख. ती वाडीत तसंच बोलली असणार, त्यामुळे सुट्टीवर गेलो की माणसं मला रक्तदाबाच्या गोळ्या दाखवायला यायची. मी त्या हातात घ्यायचो, उलट्यासुलट्या करायचो आणि बोलायचो घेत रहा.

मंग दोन-तीन घरं केली. ती माणसं अनोळखी होती, त्याचं एवढं वाटत नाय, तुमाला तो ओळखत नाय, तुमी त्याला. आणि एक दिवस शीला मॅडमने नवीन पत्ता दिला, बोलली लकव्याचा पेशंट हाय, उजवी बाजू गेलेली, घरात एकटी मुलगी, मुलगा परदेशात, मुलगी शाळेत शिकवते, सकाळ ते दुपार तू तिकडे. मी बेल मारली, मुलीने दार उघडलं, फातिमा तिचं नाव, मला आत घेऊन गेली, आणि पलंगावर अबू खलील.

मी त्याला आवाजावरून ओळखला असता पण आवाज नव्हताच तेवढा राहिलेला. डोळ्यांवरून ओळखला. आणि त्याने पण मला ओळखलं. त्याने मला बघितलं, माझ्या हातातली हातमोज्यांची पिशवी बघितली, आणि तोंड भिंतीकडे केलं. फातिमाला अरबीत बोलला, ह्याला परत पाठव. ती बोलली, बाबा, खूप दिवस थांबून आपल्याला माणूस मिळालाय. तर बोलला दुसरा मागव, हा नको, हा माझा माणूस होता.

माझा माणूस म्हंजे माझ्या हाताखालचा. मला अरबी तेवढी कळते.

मी मॅडमला फोन केला, बोललो मला पण नको. ती बोलली, हिंदी बोलणारा पुरुष माझ्याकडे दुसरा मोकळा नाय, नसेल जमत तर त्याला परत रांगेत बसावं लागेल. मंग मी थांबलो. पयले काही दिवस त्याने मला अंगाला हात लावू दिला नाय. मी खोलीच्या दाराशी स्टुलावर बसून राहायचो. वास यायचा. त्याला पण यायचा. मुलीला तो अंगाला हात लावू द्यायचा नाय, मुलगी ती, तिने बापाचं कसं करायचं, मेलो तरी चालेल बोलायचा. शेवटी एक दिवस त्यानेच हाक मारली, सदा. इतक्या वर्षांनी नाव लक्षात होतं. बोलला, पडदे ओढ, दिवा बंद कर, मंग काय करायचं ते कर, आणि बोलू नको.

तशी मी त्याला पयली आंघोळ घातली, अंधारात, चाचपडत. त्या उंच माणसाचं अंग इतकं हलकं झालं होतं. मी बघत नव्हतो तरी हाताला सगळं कळतं ना हो. तो श्वास रोखून होता. मी पण. संपल्यावर मी त्याला धुतलेला थोब घातला, पडदे उघडले, तर तो एकदम फोरमन झाला. पाण्याचा ग्लास कुठे ठेवलास, उशी वाकडी हाय, यल्ला यल्ला, हात नाय का तुला. मला बरं वाटायचं. ती शिवी खाल्ली की मला वाटायचं चला, झालं, दोघंपण आपापल्या जागी आलो.

ह्यातली गोष्ट पुढे हाय. मी दुपारी निघायचो. मंग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याचं करायला कुणी नाय. फातिमा शाळेतून यायची, जेवण द्यायची, बाजूला बसायची, पण डायपरचं तिच्यापासून लपवायचा. तिला त्याने सांगितलेलं की मी धरून धरून बाथरूमला जातो, सदा नुसता दाराशी उभा असतो. त्यामुळे दुपारनंतर तो दार लावून घ्यायला सांगायचा आणि तसाच पडून राहायचा. सकाळी मी गेलो की काय अवस्था असायची ते मी तुमाला सांगत नाय. कमरेच्या खाली कातडी लाल व्हायला लागलेली. आणि दुसरं म्हंजे नमाज. माणूस पाच वेळचा नमाजी, आता अंग पाक, म्हंजे शुद्ध, नाय म्हणून पढत नव्हता. दुपारचा एक मी असताना, डाव्या हाताने आपलं आपण कसंबसं धुऊन, खुर्चीत बसून पढायचा, बाकीच्या वेळी बांग ऐकू आली की डोळे मिटून पडायचा. हे तो मला बोलला नव्हता, मी बघून समजलो.

मी शीला मॅडमला सांगितलं, ह्याला संध्याकाळचा माणूस पायजे. ती बोलली मी खात्याला कळवते, पण त्यांची बाई येऊन बघणार, इचारणार, मंगच ते तास वाढवणार. आणि सदा, जे खरं तेच बोल, आपण खोटं बोललो असं निघालं तर काँट्रॅक्टच्या सगळ्या माणसांवर येईल.

बाई येणार त्या दिवशी अबू खलीलने मला लवकर बोलावून घेतला. दाढी करून घेतली, इस्त्रीचा थोब, डोक्याला पांढरा रुमाल, वर काळी दोरी, अत्तर. बोलला बाहेरच्या खोलीत मोठ्या खुर्चीत बसव. उजवा हात मांडीवर असा ठेवायला लावला की लुळा वाटू नये. आणि मंग मला जवळ बोलावला. बोलला, ती तुला इचारेल, तू सांगायचं की म्हातारा आपला आपण जातो. मी बोललो अबू खलील, मंग ते तास देणार नायत, हायत ते पण काढून घेतील. बोलला घेऊ दे. आणि सांगितलं, माझा एक दोस्त होता, त्याला असंच बघायला आले, बोलले ह्याचं घरी होणार नाय, आणि म्हाताऱ्यांच्या सरकारी घरात नेला. तो परत घरी आला नाय. मंग बोलला, तू माझ्या हाताखाली काम केलंयस सदा, मी तुला कदी काय मागितलं नाय.

खरंच नव्हतं मागितलं.

बाई आली. चांगली होती, हे मी सांगतो, तरुण, काळा अबाया, नम्र बोलणं, हातात टॅबलेट. फातिमाने चहाचा ट्रे आणला आणि ती पण तिथेच उभी राहिली. मला वाटलं प्रश्न मला आतल्या खोलीत इचारतील. मी हळूच बोललो पण, मॅडम, आपण आत बोलू या का. ती बोलली नाय, माणसाच्या पाठीमागे त्याच्याबद्दल बोलायचं नाय असा आमचा नियम हाय, त्याच्या समोरच बोलायचं. आता नियम चांगलाच हाय, त्याला मी काय बोलणार.

तिने पयलं त्याला इचारलं, चाचा, बाथरूमला तुमी आपले आपण जाता का. तो बोलला हो, अल्हमदुलिल्ला, जातो. अगदी गोदामातला आवाज काढून बोलला. ती माझ्याकडे बघायला लागली.

मी फरशीकडे बघितलं. मला त्याच्या कमरेची ती लाल कातडी दिसत होती. मी बोललो, नाय मॅडम. ते उठू शकत नायत. ती बोलली, मंग काय वापरता. मी बोललो डायपर. दिवसाला किती लागतात. बोललो. कातडीला काय झालंय का. झालंय बोललो. कुठे. तेही बोललो. दुपारी तू गेल्यावर कोण करतं. कुणी नाय मॅडम. एकेक प्रश्न ती इतक्या हळू, इतक्या मायेने इचारत होती आणि मी एकेक उत्तर देत होतो, आणि प्रत्येक उत्तराला असं वाटत होतं की मी त्या माणसाच्या अंगावरचा एकेक कपडा त्याच्या लेकीसमोर काढतोय. तो खिडकीकडे बघत होता. फातिमाने ट्रे खाली ठेवला आणि आत गेली. चहा कुणीच घेतला नाय.

बाई जाताना त्याला बोलली चाचा, काळजी करू नका, तुमाला घरीच सगळं मिळेल. त्याने मान हलवली नाय.

मी त्याला परत पलंगावर नेला. रुमाल काढला, दोरी काढली, नीट ठेवली. तो माझ्याकडे न बघता एवढंच बोलला, खलास सदा. उद्यापासून येऊ नको.

मला मॅडमने दुसरं घर दिलं. संध्याकाळचे तास त्याला मंजूर झाले, तिकडे एक नेपाळी माणूस लावला, सकाळी पण आणि संध्याकाळी पण. माझा डबा आणि घरात घालायच्या चपला त्या घरी राहिलेल्या, त्या आणायला मी गेलो तेव्हा फातिमा दारात भेटली. मी बोललो, सॉरी बहेन, तुमच्यासमोर बोलायला नको होतं. ती बोलली, तुला काय वाटलं, मला माहीत नव्हतं. मंग बोलली, चादरी कोण धुवत होतं ह्या घरात. तो झोपला की मी गुपचूप बदलायचे आणि तो झोपेचं सोंग करायचा, ते पण मला माहीत होतं. पण आमी दोघं ते बोलत नव्हतो. मी बाजूला बसायचे, तो मला शाळेतलं इचारायचा, तेवढा वेळ तो माझा बाप असायचा. आता मी चहा घेऊन गेले की तो वर बघत नाय.

मी डबा आणि चपला उचलल्या. मी पायरी उतरलो तर मागून बोलली, तू खोटं बोलला नायस, कमरेखालची जखम आता भरतेय. मंग दार लावलं.

काय सांगू तुमाला, मी त्यानंतर किती घरं केली, पण ते दार माझ्या मनातून जात नाय. तुमी बोलाल तू बरोबर केलंस. शीला मॅडम पण तसंच बोलली, शाबासकी दिली. बरोबर होतं म्हणून लाज कमी होते असं नाय ना. उलट चुकीचं असतं तर माफी मागून मोकळा झालो असतो. बरोबर केल्याची माफी कशी मागायची ते मला माहीत नाय.

मंग तो नेपाळी माणूस सुट्टीवर गेला आणि मॅडमने मला इचारलं जाशील का. मी बोललो त्याला इचारा पयलं. तिने इचारलं, तो काय बोलला मला माहीत नाय, पण निरोप आला ये म्हणून. मी संध्याकाळी गेलो. खोलीत शिरलो तर त्याने घड्याळाकडे बघितलं आणि बोलला उशीर केलास. उशीर नव्हता झालेला. मी बोललो हो अबू खलील, माफ करा. ते तेवढंच आमचं बोलणं, त्यात मागचं सगळं आलं असं मी धरून चाललो.

त्या दिवशी मी त्याला साफ केला, कपडे बदलले, खुर्चीत बसवला. तो बोलला पाणी आण. नमाजाआदी ते लोक हात, तोंड, पाय धुतात, त्याला एक रीत असते, आदी काय, मंग काय. त्याचा उजवा हात चालत नाय, म्हणून मी तांब्याने पाणी सोडत होतो आणि तो सांगत होता, आता हात, आता तोंड, नाय नाय, आदी उजवा. चिडून चिडून शिकवलं मला. खालच्या मशिदीतून मगरिबची, म्हंजे दिवस बुडतानाची, बांग झाली आणि त्याने खुर्चीत बसून नमाज पढला. दार उघडं होतं. फातिमा बाहेरून जाता जाता थांबली, बघितलं, आत आली नाय. मी खाली साठलेल्या पाण्याचं भांडं घेऊन बाजूने निघालो तर तिने माझ्या हातातून भांडं घेतलं आणि स्वतः ओतून आली. दोघं पयल्यासारखी बोलायला लागली असं मी सांगणार नाय, ते खोटं होईल. पण आता ती आत आली की तो वर बघतो. कदीकदी.

आता गेल्या गणपतीची गोष्ट. प्रकाश गावी गेला सुट्टीवर. तिकडे आरतीनंतर चार माणसं बसलेली, कुणीतरी बोललं सदा हॉस्पिटलात हाय ना, आमच्या म्हाताऱ्याचा रिपोर्ट त्याला पाठवू या. प्रकाश बोलून गेला, कसलं हॉस्पिटल, तो लोकांच्या घरी म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं काढतो. त्याच्या मनात वाईट नव्हतं, तो मला मागून बोलला पण, चुकून तोंडातून गेलं रे. पण वाडीत झालं ते झालं.

सुनंदाचा फोन आला. मी काम संपवून बाहेर पायरीवर बसलेलो. मला वाटलं आता रडेल, नायतर बोलेल वाडीत तोंड दाखवायला जागा ठेवली नायत. मुलीचं लग्नाचं बघत होतो, मला वाटलं पाहुण्यांचं बोलेल. मीच आदी सुरू केलं, मी बोललो अगं मी सांगणारच होतो, पण लाज वाटली, पुरुषाच्या जातीला असलं काम, तुला सांगायचं कसं. ती ऐकत होती. मी बोलतच सुटलो, वास कसा येतो, हाताला कसं लागतं, रूमवर मला कुणी भांड्याला हात लावू देत नाय, जेवताना घास कसा अडकतो, सगळं सांगितलं, इतक्या वर्षांचं.

मी थांबल्यावर ती शांतपणे बोलली, सासूबाई अंथरुणात होत्या तेव्हा त्यांचं मी केलं.

माझी आई जायच्या आदी, शेवटी शेवटी पडून होती. ते मला माहीत होतं. फोनवर मी इचारायचो आई कशी हाय, ही बोलायची बरी हाय, मी बोलायचो लक्ष ठेव. ठेवते बोलायची. त्याच्या पुढे मी काय इचारलं नाय. अहो, मी इकडे ट्रेनिंग घेतलं, पुढून मागे पुसायचं शिकलो, हातमोजे मिळाले मला. तिला काय मिळालं. परसात उभी राहून चादरी धुवायची, वर गुरांचं, वर पोरीचं, वर जेवण. तिच्या हातचं जेवण सगळे जेवत होते, तिला कुणी बोललं नाय राहू दे. आणि मला एवढ्या वर्षांत एकदा पण डोक्यात आलं नाय की हे तेच काम. मी रोज ते करतो आणि मला ते आठवलं नाय.

मी बोललो, सुनंदा, तू कदी बोलली नायस. ती बोलली, तुमी कदी इचारलं नायत. रागाने नाय बोलली. मंग बोलली अबू खलील जेवतात का नीट. त्याचं नाव मीच मघाशी सांगितलेलं तिला. मी बोललो भात आवडतो त्याला, मऊ लागतो. बोलली, आईंना पण मऊ लागायचा, वाईच तूप घालून भरवायचे, पटकन गिळायच्या. आणि मंग आमी दोघं फोनवर म्हाताऱ्या माणसाला कसं भरवायचं ते बोलत बसलो, मान किती उंच ठेवायची, पाणी चमच्याने कसं द्यायचं. लग्न झाल्यापासून तिच्याशी एवढा वेळ कुठल्या कामाबद्दल बोललो नव्हतो.

मुलीचं जमलं, पुढच्या वर्षी करायचंय. पाहुण्यांनी इचारलं तेव्हा सुनंदानेच सांगितलं, ते आजारी माणसांची सेवा करतात, घरोघरी जाऊन. मी सांगितलं असतं तर माझी मान खाली गेली असती. अजून जाते. कुणी नवीन माणूस भेटला, इचारलं काय करता, की अजून माझा पयला शब्द अडकतो, तुमाला सांगताना पण आदी अडकलाच होता, बघितलं असेल तुमी. पण पूर्वी लाज त्या कामाची वाटायची, आता सुनंदाची वाटते, आईची वाटते. आई त्या वेळी कुणाकडे बघत असेल, भिंतीकडे की सुनेकडे, ते मला कळायचं आता राहिलंच.

अबू खलील आता फार बोलत नाय. नेपाळी माणूस परत आलाय, सकाळी तो जातो, संध्याकाळी मी. देवाकडे मी एवढंच मागतो, अबू खलीलच्या आणि आपल्या दोन्ही, की माझ्यावर पण ही वेळ येणारच, सगळ्यांवर येते, तेव्हा जो कोण माझं करेल त्याला माझी किळस येऊ नये आणि त्याला त्याच्या घरी जाऊन खोटं बोलायला लागू नये. मला लाज वाटेल ती वाटू दे. ती मी सोसीन.